मीटिंग नको, ऑर्डरच्या मागे जा

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एका ड्रॉइंगपायी अकरा जणांना मेल, तीन मीटिंगा, आणि तरी खरेदी म्हणते ड्रॉइंग मिळालं नाही, डिझाइन म्हणतं ते कधीच पाठवलं. घोंगडं भिजतच. शेवटी तू विचारतेस, "माणसं अशी का वागतात?" माणसांचं सोड. एका तरी ऑर्डरच्या मागे, टेबलामागून टेबल, तू स्वतः गेली आहेस का? नाही ना? मग माणसांवर बोलायची घाई कशाला?

खरेदीला नगामागे दर कमी दाखवायचा असतो, म्हणून ती सहा महिन्यांचा माल एकदम उचलते. स्टोअर्सला साठा कमी दाखवायचा असतो, त्यांना तोच माल खुपतो. उत्पादनाला मशीन रिकामं ठेवायचं नसतं, म्हणून आज कोणालाच नको असलेल्या भागाचा मोठा लॉट निघतो. विक्री महिनाअखेरच्या आकड्यासाठी सगळी गर्दी शेवटच्या आठवड्यात ढकलते. प्रत्येक जण आपलं काम चोख करतोय. चोख माणसांच्या हातात वेगवेगळ्या फूटपट्ट्या दिल्या की सवतेसुभे आपोआप उभे राहतात. हिशेब करून बघ. पाच खाती, प्रत्येकाचं ९० टक्के काम वेळेवर, सगळ्यांचे तक्ते हिरवे. एकाचा उशीर दुसरा भरून काढत नसेल, तर ०.९ पाचदा गुणून उरतात ०.५९. शंभरातल्या ४१ ऑर्डरी उशिरा, आणि दोषी कोणीच नाही!

हे मीटिंगमध्ये दिसत नाही. मीटिंगमध्ये फळ्यावर जे काढतात ते कसं व्हायला हवं त्याचं चित्र असतं. म्हणून पुन्हा सांगतो, ऑर्डरच्या मागे जा.

कसं जायचं ते नीट वाच. अडकलेली, गाजलेली ऑर्डर घेऊ नकोस. तिला सगळ्यांनी धक्के मारलेले असतात. नुकत्याच पूर्ण झालेल्या दहा साध्या ऑर्डरी घे आणि शेवटापासून, म्हणजे माल ग्राहकाला मिळाला तिथून, उलट चालत ये. प्रत्येक टेबलावर चार गोष्टी लिही: काम कधी आलं, प्रत्यक्ष हातात कधी घेतलं, पुढे कधी गेलं, आणि आलं तेव्हा त्यात काय कमी होतं. काम मागे परत गेलं असेल तर तेही, प्रत्येक वेळी वेगळं. सिस्टिममधल्या वेळेवर विसंबू नकोस. ती नोंद केल्याची वेळ असते, आणि नोंदी बऱ्याचदा संध्याकाळी एकगठ्ठा होतात. "उशीर का झाला?" असं विचारलंस की तोंडं बंद. "हे आल्यावर तुम्हाला आणखी काय मागावं लागलं?" असं विचार, माणूस खुर्ची पुढे ओढेल. खातेप्रमुखाला आधी सांगून जा, आणि कागदावर नावं नकोत, फक्त टप्पे.

दहा ऑर्डरी झाल्या की दिसेल, प्रत्यक्ष कामाचा वेळ थोडा आहे. बाकी सगळा वेळ काम दोन खात्यांच्या मधे पडून होतं. तो मधला वेळ कुणाच्याच तक्त्यात नसतो. त्यात खाती "आमची माणसं ९५ टक्के भरलेली" असं मिरवतात. रांगेचं अगदी साधं गणित आहे: काम अनियमित येतं, त्याला लागणारा वेळही तसाच अनियमित आणि करणारा एकच आहे, तर तो ८० टक्के व्यस्त असताना कामाला जेवढा वेळ लागतो त्याच्या सरासरी चौपट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ ला एकोणीसपट. भरलेलं टेबल हे कौतुक नव्हे.

मग ज्या टप्प्यावर काम सर्वात जास्त वेळा मागे गेलं, तो एकच धर. एकच! तिथल्या देणाऱ्या आणि घेणाऱ्या माणसांना (प्रमुखांना नाही) पाऊण तास बसव आणि एका पानावर लिहून घे की काम "पूर्ण" म्हणजे काय. हे पान घेणाऱ्याने लिहायचं. देणाऱ्याने लिहिलं की त्याच्याकडे जे तयार असतं तेवढंच त्यात येतं. पानावर एकक, ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक (ते कितव्या सुधारणेचं आहे), फाइलची आवृत्ती, आणि बदल झाला तर कोण कोणाला कळवणार, हे हवंच.

"एकक काय लिहायचं, ते सगळ्यांना माहीत असतं," असं कोणीतरी म्हणेलच. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी नष्ट झालं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर इंजिनाच्या रेट्याचे आकडे पाउंड-सेकंदात देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती. सुमारे साडेचार पटीचा फरक. मार्ग चुकतोय अशी शंका काहींना आली होती, पण ती रीतसर नोंदली गेली नाही. एअरबस ए३८० या विमानाच्या तारा जोडणीत तोकड्या पडल्या, कारण वेगवेगळ्या देशांतले गट एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. दोन्हीकडे हुशार माणसांची वाण नव्हती.

ऑर्डरच्या मागे जा, याच एका गोष्टीपायी मला हटवादी म्हणतात, नवीन रचना-आराखडे आले की नाक मुरडतो म्हणतात. मुरडतो. खाती फोडून नवी केली की भिंतींची जागा बदलते आणि फूटपट्ट्या तशाच राहतात. मला हे उशिरा उमगलं, मीटिंगांत वर्षं घालवून. तुझी तरी वाचावीत म्हणून ओरडतोय. रागावू नकोस.

पान लागू केल्यावर पुढच्या दहा ऑर्डरी त्याच चार नोंदींनी पुन्हा मोज. काम मागे परत जाण्याची संख्या कमी झाली नाही, तर पान चुकलंय, घेणाऱ्याकडे परत जा. कमी झाली, तर पुढचा टप्पा.

सोमवारी कुठल्या ऑर्डरपासून सुरुवात केलीस ते कळव. क्रमांकासकट. "एक घेतली" असं मोघम लिहिलंस तर उत्तर पाठवणार नाही.

तुझा,
तोच हटवादी