हसू वाचकासाठी राखून ठेव

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तू पाठविलेली हास्यचित्रे मन लावून पाहिली. रेषेवर तुझा हात बसू लागला आहे, याचा आनंद वाटला. परंतु तुझी सगळीच पात्रे डोळे वटारतात, जबडा वासतात आणि वर घामाचे थेंबही उडवितात, त्यामुळे वाचकाने हसण्याआधी चित्रच हसून मोकळे होते.

आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ पुन्हा नीट पाहा. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा अशा वेशातला हा गृहस्थ ‘टाइम्स ऑफ इंडिया’त 1951 पासून कित्येक दशके तोंडातून अवाक्षर न काढता उभा राहिला. बोलतात ते पुढारी आणि अधिकारी. हा बाजूला उभा राहून, भुवया किंचित उंचावून नुसता पाहतो. त्याने कपाळावर हात मारून घेतला असता, तर पुढाऱ्याच्या बोलण्यातील विसंगती आपल्याला आयती मिळाली असती. तो गप्प राहतो म्हणून ती आपणच हेरतो, आणि खरे हसू त्या हेरण्यातून फुटते. शि. द. फडणीस यांनी तर बहुतेक चित्रांतून शब्दांनाच रजा दिली. त्यांच्याकडे प्रसंग कितीही अचाट असला, तरी त्यातील माणसे आपल्या उद्योगात शांतपणे गढलेली असतात, आणि मला त्यांची सर्वांत मोठी ताकद तीच वाटते.

आता तुझे पंगतीचे चित्र घेऊ. पाहुणा दोन्ही हात पानावर आडवे धरून जिलबीला नकार देतो आहे. कल्पना फार चांगली आहे, पण तू त्याच्या तोंडाला पाणी सुटलेले दाखविलेस आणि गंमत तिथेच संपली. हात तसेच राहू देत. ओठांची एक आखूड, सरळ रेघ काढ, भुवया सभ्यपणे जागच्या जागी ठेव आणि फक्त बुबुळे वाढप्याच्या ताटाकडे सरकव. हाताचा नकार आणि डोळ्यांचा होकार एकाच देहात दिसला, की आपल्याकडच्या आग्रहाचा सारा इतिहास वाचकाला आठवेल.

चेहरा रेखाटताना डोळे आधी घे आणि तोंड सर्वांत शेवटी. पुष्कळदा तोंडाची गरजच उरत नाही. मूळ चित्र मोठे असले, तरी छापताना ते तळहाताएवढे होते, म्हणून त्या आकारात लहान करून बुबुळाचा ठिपका भुवईत मिसळत नाही ना, हे तपासून घे आणि पंगतीचे नवे चित्र मला पाठव.

तुझा,
एक ज्येष्ठ स्नेही