चंद्राचा आकार पृथ्वीच्या सावलीमुळे बदलतो का?

नाही. आणि हे 'नाही' मला आमच्या दादाला तीस वर्षांपूर्वीच ऐकवायचं होतं.

मी चौथीत होते, तो दहावीत. त्याने अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा गोल झोत भिंतीवर पाडला आणि मध्ये हळूहळू वाटी सरकवली. झोताची झाली चंद्रकोर. "वाटी म्हणजे पृथ्वी. कळलं?" मी म्हटलं, अरे पण अष्टमीला चंद्र मधोमध सरळ चिरल्यासारखा दिसतो, वाटीने सरळ रेघ कशी येईल? टपली बसली, विषय संपला.

शंका रास्त होती. गोल सावली चंद्राला नेहमी कुरतडल्यासारखीच दिसणार. तिने सरळ रेघ येत नाही आणि दशमीच्या चंद्राचं फुगलेलं पोट तर नाहीच नाही.

सूर्य चंद्राची अर्धी बाजू कायम उजळवतो. चंद्र आपल्याभोवती फिरतो, तसतशी ती उजळ बाजू आपल्याला कमीजास्त दिसते, बस. एक फेरी 27.3 दिवसांची. पण तेवढ्यात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे गेलेली असते, म्हणून अमावस्या ते अमावस्या 29.5 दिवस लागतात.

परवा दादाच्या मुलीच्या वहीत पुन्हा तीच सावली! भाचीला आणि दादाला, दोघांनाही गच्चीवर नेलं. दुपारचे चार, ऊन पश्चिमेकडून, आणि पूर्वेच्या अंगाला फिकट अर्धा चंद्र. भाचीला म्हटलं, पांढरा चेंडू चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा हात लांब करून धर. तिने एक डोळा मिटला. चेंडूची सूर्याकडची अर्धी बाजू लख्ख, उरलेली काळपट, मधली रेघही चंद्रासारखीच तिरकी. "आत्या, दोन चंद्र!" मग दादाला विचारलं, आता पृथ्वीची सावली कुठे आहे, दाखव. ती सूर्याच्या बरोबर उलट दिशेला, म्हणजे त्या वेळी पूर्वेच्या क्षितिजाखाली. चंद्र तर एवढा वर. दादा म्हणाला, "मी ग्रहणाचं सांगत होतो तेव्हा."

साफ खोटं. पण चंद्रग्रहणाला वाटी लागू पडते, एवढं मान्य करते. ते पौर्णिमेलाच होतं, आणि तेही दर पौर्णिमेला नाही, कारण चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे आणि तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो.

तुम्हाला हे कुणाला पटवायचं असेल तर शुद्ध सप्तमी ते दशमीची दुपार गाठा. टेबल टेनिसचा चेंडू नको, त्यातून उजेड झिरपतो. सूर्याकडे थेट बघू नका. आणि चेंडू समोरच्याच्याच हातात द्या, नाहीतर तो म्हणतो, तूच तसा धरलास.