अ‍ॅडमिन पासवर्ड नसताना पिपनं टाकलेलं पॅकेज जातं कुठं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या उबुंटू 22.04 वर सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्कानं कमांड चालवण्याची सोय) नसतानाही पिपनं, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या साधनानं, पांडास हे डेटा हाताळायचं पॅकेज इन्स्टॉल झालं, पण ‘डिफॉल्टिंग टू युजर इन्स्टॉलेशन’ अशी ओळ आली आणि त्याच मशीनवर मित्राच्या लॉगिनला ते सापडेना. काही बिघडलंय का? मी कोल्हापुरात एका कॉलेजची लॅब सांभाळतो, दर सेमिस्टरला हा प्रश्न माझ्याकडं येतो.

काहीही बिघडलेलं नाही. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या पिप 20.0 पासून पिप असंच वागतं. सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसेल, तर ते पॅकेज तुमच्या होम फोल्डरमध्ये टाकतं. त्याआधी ‘परमिशन डिनाइड’ येऊन काम तिथंच अडायचं. आता फाइल्स उघडून कंट्रोल-एच दाबा. ‘.लोकल’ हे लपलेलं फोल्डर दिसेल. त्यात लिब, त्यात पायथन3.10, त्यात साइट-पॅकेजेस. पांडास तिथं आहे, म्हणजे फक्त तुमच्या लॉगिनसाठी आणि फक्त पायथन 3.10 साठी. एखादी कमांड ‘नॉट फाउंड’ म्हणत असेल तर एकदा लॉगआउट करून परत या. ‘.लोकल’मधलं बिन फोल्डर नव्यानं तयार झालेलं असेल, तर उबुंटू ते लॉगिन होतानाच पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, घेतं.

खरा घोळ पुढं होतो. गेल्या वर्षी व्हायव्हाच्या आदल्या दिवशी एक विद्यार्थिनी रडवेली होऊन आली. अख्ख्या लॅबसाठी मी पांडास नवं केलं होतं, पण तिच्या लॉगिनवर जुनंच चालायचं. तासभर मी सिस्टिमचीच फोल्डरं धुंडाळली. शेवटी तिच्या टर्मिनलवर ‘पायथन3 -एम साइट’ चालवलं, तर यादीत तिचं ‘.लोकल’ सिस्टिमच्या फोल्डरांच्या वर. पायथन वरून खाली शोधतं आणि पहिलं सापडेल ते घेतं. तिनं कधीतरी टाकलेलं पांडास तिथं पडून होतं. पिप अनइन्स्टॉल केलं आणि प्रोग्रॅम लगेच चालला.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, सुडो मागू नका. सुडो पिपनं टाकलेलं पॅकेज उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजच्या आड येतं, आणि उबुंटूची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात. त्यापेक्षा लॅबच्या सरांना सांगून ‘पायथन3-व्हेनव्ह’ (प्रत्येक प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवायची सोय) एकदाच टाकून घ्या. मग प्रत्येक प्रोजेक्टला ‘पायथन3 -एम व्हेनव्ह’नं वेगळं फोल्डर करा, ते अ‍ॅक्टिव्हेट करा आणि त्यातच पिप चालवा. त्याला अ‍ॅडमिन लागत नाही, आणि ‘.लोकल’मधलं जुनं काही मध्ये येत नाही.

लॅब उद्या उबुंटू 24.04 वर गेली तर सिस्टिमच्या पायथनवर पिप युजर इन्स्टॉललाही नकार देईल, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणेल. तेव्हा पिपला ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय लावून जबरदस्ती करू नका. व्हेनव्ह तिथंही असंच चालतं.