सुपरहिरोंच्या उगमकथांवरील चित्रपटांत तुम्हाला सर्वाधिक खटकलेला प्लॉट होल (कथेतला कच्चा दुवा) कोणता?

'बॅटमॅन बिगिन्स' (2005) मधलं पाण्याची वाफ करणारं यंत्र.

कोळी चावला आणि मुलगा भिंतीवर चढू लागला, याला मी प्लॉट होल म्हणत नाही. तेवढं मान्य करूनच आपण तिकीट काढतो. पण कथेनं स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडला, की मला ते सोडवत नाही.

या चित्रपटात खलनायकांपैकी एक, डॉ. क्रेन, कित्येक आठवडे गॉथम शहराच्या पाण्यात भीतीचं विष मिसळत असतो. ते पोटात गेलं तर काही होत नाही, श्वासावाटे फुप्फुसात गेलं तरच माणूस वेडापिसा होतो. म्हणून खलनायक लष्करी वापराचं मायक्रोवेव्ह यंत्र चोरतात. जमिनीखालच्या नळांतलं पाणी उकळून वाफ शहरभर सोडायची, असा त्यांचा बेत. मग त्या आठवड्यांत गॉथममध्ये कुणी गरम पाण्यानं अंघोळच केली नाही का? पास्त्यासाठी पातेलं चढवलं नाही? दार लावून शॉवर घेतला की आरसा धुरकटतो. तेवढ्या वाफेतूनही विष श्वासात गेलं असतं. यंत्र चोरण्याआधीच दवाखाने भरायला हवे होते.

दुसरी गोष्ट त्या किरणांची. धातू मायक्रोवेव्ह अडवतो आणि माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं. म्हणजे लोखंडी नळातलं पाणी वाचायला हवं आणि यंत्राशेजारी उभा असलेला माणूस भाजून निघायला हवा. पडद्यावर नेमकं उलटं घडतं. ब्रूसच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, केपचं कापड कुठून आलं हेसुद्धा जो चित्रपट समजावून सांगतो, त्यानं इथे डोळेझाक करावी याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तो माझा अत्यंत आवडता चित्रपट आहे.

याउलट कॉमिकमधला कच्चा दुवा पडद्यावर नीट सांधल्याचं उदाहरणही आहे. 1962 च्या मूळ स्पायडर-मॅन कथेत पीटर (म्हणजेच स्पायडर-मॅन) टीव्ही स्टुडिओत एका चोराला पळू देतो आणि पुढे तोच चोर नेमका त्याच्याच घरात शिरून त्याच्या काकांना, अंकल बेनना, मारतो. एवढ्या मोठ्या न्यूयॉर्कमध्ये तेच घर का, याला उत्तर नाही. सॅम रायमींच्या 2002 च्या चित्रपटात बेन पीटरला न्यायला गाडी घेऊन शहरात आलेले असतात. कुस्तीचे पैसे लुटून निघालेल्या चोराला पळायला गाडी हवी असते. योगायोग पुरता जात नाही, पण त्याला कारण मिळतं, आणि पीटरचा अपराध त्याला आणखी चिकटतो.

म्हणूनच 2007 च्या तिसऱ्या भागावर माझा राग आहे. तिथे कळतं की गोळी त्या चोरानं झाडलीच नव्हती. बेनसमोर पिस्तूल धरून उभा होता त्याचा साथीदार, फ्लिंट मार्को, आणि पीटरनं त्याला त्या रात्री पाहिलेलंही नव्हतं. पीटरनं चोराला अडवलं असतं तरी मार्को त्या गाडीपाशी उभा असताच. पहिल्या भागानं इतक्या कष्टानं बांधलेली गाठ याच दिग्दर्शकानं सैल केली.