सहा वर्षांच्या मुलाला वडिलांच्या मृत्यूविषयी कसे सांगावे

नमस्कार ताई,

तुमच्या भावाचे हृदयविकाराच्या झटक्याने अचानक निधन झाले. 'बाबा कामासाठी दुबईला गेलेत' असे वडीलधाऱ्यांनी त्याच्या सहा वर्षांच्या मुलाला सांगितले आहे, आणि तो रोज बाबांच्या फोनची चौकशी करू लागला की वहिनी उठून आतल्या खोलीत जातात, असे तुम्ही लिहिले आहे. खरे आत्ता सांगावे की तो थोडा मोठा झाल्यावर, हा तुमचा प्रश्न आहे.

शाळेत समुपदेशक म्हणून अशा अनेक घरांशी माझा संबंध आला आहे, म्हणून निःसंकोचपणे सांगते की हे लांबवू नका. तुम्ही सांगितले नाही तरी शाळेच्या व्हॅनमधले एखादे मूल सांगेलच, आणि मग घरातल्या सगळ्यांनी मिळून आपल्याला फसवले, हे आणखी एक दुःख त्याच्या वाट्याला येईल. तोपर्यंतचे दिवसही त्याला सोपे जात नसणार. बाबा साधा फोनही करत नाहीत म्हणजे ते माझ्यावर रागावले असतील, असा अर्थ या वयाचे मूल सहज लावते.

मारिया नागी यांनी हंगेरीतील मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलांना मृत्यू म्हणजे दूर जाणे किंवा झोपणे वाटते, ज्यातून माणूस परत येऊ शकतो, असे त्यात दिसले. सहाव्या वर्षी ही समजूत नुकती मागे पडू लागलेली असते आणि आपण दुबईची गोष्ट सांगून तीच पक्की करतो. 'बाबा झोपलेत', 'देवाला चांगली माणसे आवडतात' ही वाक्येही मायेपोटीच येतात, पण मुले ती शब्दशः घेतात. आजी 'झोपली' असे ऐकलेली एक मुलगी दुपारी आईला डोळा लागू देत नसे, सारखी तिचा दंड हलवून तिला उठवत असे.

सांगताना वहिनी पुढे असाव्यात आणि तुम्ही शेजारी बसावे. त्याच्या ओळखीच्या जागी, रात्री झोपताना नव्हे तर दिवसा, त्याला जवळ घेऊन साध्या शब्दांत सांगावे: 'बाबांचे हृदय अचानक बंद पडले. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते पुन्हा सुरू झाले नाही. बाबा वारले. आता त्यांना काही दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येऊ शकणार नाहीत. दुबईला गेलेत असे आम्ही सांगितले, कारण आम्हाला खरे सांगवत नव्हते.' अग्निसंस्काराविषयी त्याने विचारले तर मृत शरीराला काहीच जाणवत नाही हे आधी नीट समजू द्यावे आणि मगच पुढचे सांगावे. नाहीतर बाबांना चटके बसले असतील ही कल्पना त्याच्या मनात घर करते. त्याने विचारले नाही तरी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी: त्याच्या हट्टामुळे, रागाने बोललेल्या एखाद्या शब्दामुळे हे घडलेले नाही.

ऐकून तो कदाचित लगेच गाड्या खेळायला निघून जाईल आणि चार दिवसांनी जेवताना विचारेल, 'बाबांचे ताट का नाही घेतले?' त्याला कळले नाही किंवा वाईट वाटत नाही, असा याचा अर्थ नसतो. मुलांना एका वेळी थोडेच दुःख पेलवते. तोच प्रश्न कितीही वेळा आला तरी तेच उत्तर शांतपणे द्यावे.

वहिनींनी त्याच्यासमोर रडणे टाळण्याची गरज नाही. 'मला बाबांची आठवण आली म्हणून रडू येतेय, थोड्या वेळाने मी तुला जेवायला वाढते' एवढे म्हटले तरी त्याला पुरते. पालक गमावलेल्या मुलांचा विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी बॉस्टन परिसरात दोन वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा मूल किती सावरते हे मुख्यतः मागे राहिलेला पालक घर कसे चालवू शकतो यावर अवलंबून असल्याचे आढळले. म्हणून वहिनींना झोप मिळणे, त्यांच्या हातातली कामे कोणीतरी वाटून घेणे हीसुद्धा मुलालाच केलेली मदत आहे. भेटायला येणाऱ्यांनी 'आता तूच घरातला पुरुष, आईला सांभाळ' असे त्याला म्हणू नये, हे तुम्ही दारातच सांगा. हा भार सहा वर्षांच्या मुलावर टाकण्यासारखा नाही.

वर्गशिक्षिकांना कळवून ठेवा, म्हणजे 'वडिलांची सही आण' असे वर्गात कोणी म्हणणार नाही. काही दिवस अंथरूण ओले करणे, आईला चिकटून राहणे हे चालायचेच. मात्र कित्येक आठवडे खाणे-झोपणे सुधारले नाही, शाळेला जाणे बंदच पडले किंवा 'मलाही बाबांकडे जायचे आहे' असे तो वारंवार म्हणू लागला, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते, आणि तो फोन वहिनींनी स्वतःसाठीही करावा.

आजी-आजोबांशी मात्र आधी बोला. त्यांनी मुलगा गमावला आहे आणि नातवाला तरी हे सोसावे लागू नये या मायेने ते थांबवत आहेत. त्यांच्याशी वाद न घालता, नातू काय काय विचारतो ते त्यांना सांगा, आणि खरे सांगून झाल्यावर बाबांच्या लहानपणीच्या गोष्टी त्याला सांगायचे काम त्यांच्याकडे द्या. त्या गोष्टी त्यांच्याइतक्या कोणाकडेच नाहीत.