हळव्या मुलाला घेऊन म्युनिकला यायचं तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मुलगा येत्या ऑगस्टमध्ये सहा पूर्ण करेल, पुण्यात मोठ्या गटात आहे. कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो, शर्टाचं लेबल टोचतं म्हणून रडतो, बाई दुसऱ्याच कुणाला ओरडल्या तरी ह्याच्या पोटात दुखतं. यजमानांना म्युनिकची ऑफर आली आहे आणि सासरचे म्हणताहेत, दोन-तीन वर्षं थांबा, पोरगा जरा घट्ट होऊ दे, मग न्या.

मी नेमकं उलटं सांगेन. यायचं नक्की असेल तर आत्ता या. तिसरी-चौथीत आणू नका.

कारण बायर्नमधली, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियातली, चौथी. इथे प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशूले, चारच वर्षांची. (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहा वर्षांची असते, पण तुम्ही इकडे येताय.) चौथीच्या मे महिन्यात मुलांना एक प्रगतिपुस्तक मिळतं आणि त्यावर पुढची शाळा ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. इथे 1 सगळ्यांत चांगला आणि 6 सगळ्यांत वाईट. गिम्नाझियमला, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, 2.33 पर्यंत; रेआलशूलेला, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेला, 2.66 पर्यंत. सरासरी हुकली तर परीक्षा-वर्ग (नव्या शाळेतले चाचणीचे काही दिवस) देता येतो, भाषा नवी असलेल्यांना सवलतही असते, आणि रेआलशूलेतून पुढे विद्यापीठापर्यंत रस्ता जातो, हे सगळं खरं. पण दहा वर्षांच्या मुलाला हे कोण समजावणार? वर्गात चाचण्यांचा मारा चालू असतो, मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांचे गुण विचारतात, आणि आयाही काही कमी नसतात. आपल्याकडची दहावी दहाव्या वर्षी आणून ठेवलीय म्हणा ना. हळवं मूल तेव्हा भाषाही शिकत असेल, मित्रही शोधत असेल, तर त्याचे हाल होतात. पहिलीत मात्र गुण नसतातच.

आता तुमच्या बाजूने असलेली एक गोष्ट. बायर्नमध्ये 30 सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्या मुलांना त्या वर्षी शाळा लागू होते. पण 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात सहा पूर्ण करणाऱ्यांच्या आईवडिलांना वर्षभर थांबायची मुभा असते. शाळेशी बोलायचं, मग लेखी कळवायचं, बस. तुमचा ऑगस्टचा आहे ना? मग थांबवा. ते वर्ष किंडरगार्टनमध्ये काढू द्या. तिथे अक्षरं गिरवून घेत नाहीत. पावसात चिखलात खेळतात, एकत्र जेवतात, आणि भाषा खेळता खेळता कानावर पडते. जागा मिळणं कठीण आहे हे आधीच सांगते. शहराचं 'किटा-फाइंडर' नावाचं संकेतस्थळ आहे, पत्ता नक्की झाला की पहिल्यांदा तिथे नोंदणी करा. 'एक वर्ष वाया जाईल' असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

घर शोधताना मेट्रोचं स्टेशन बघू नका, शाळा बघा. सरकारी ग्रुंडशूले पत्त्यावरून ठरते, निवड तुमची नसते. आणि इथली मुलं पहिलीपासून चालत, बरीचशी एकटीच शाळेत जातात. सुरुवातीला सगळे आपल्याला बिनकाळजीचे वाटतात. पण अशा मुलाला रोजचा तोच रस्ता, तोच बेकरीचा कोपरा, तोच सिग्नल याचा फार आधार होतो. शाळा सुरू व्हायच्या आधी उन्हाळ्यात त्याच्याबरोबर तो रस्ता चालत राहा.

माझी मुलगीही याच जातकुळीची, आता मोठ्या शाळेत आहे. पहिलीत तिला अभ्यासाचा त्रास नव्हताच, त्रास होता बूट बदलण्याचा. वर्गाबाहेर लांब बाक, वर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक चित्र. हिच्या खुंटीवर खारुताई. सकाळी सगळी पोरं एकदम येणार, ओले बूट काढून घरातल्या सपाता घालणार, कोपरं लागणार, आरडाओरडा. ही एक बूट पायात आणि एक हातात अशी भिंतीला चिकटून उभी. बाईंना सांगितलं. मला वाटलं, 'सवय होईल' म्हणतील. त्यांनी शांतपणे सांगितलं की शाळा भरायच्या आधी पाव तास दार उघडं असतं, तिला तेव्हा पाठवा. दुसऱ्या दिवसापासून बाकीचे यायच्या आत ही सपाता घालून खिडकीपाशी बसलेली असायची. प्रश्न मिटला.

म्हणून सांगते, इथल्या शिक्षकांकडे 'आमचा मुलगा फार सेन्सिटिव्ह आहे हो' असं म्हणून जाऊ नका. त्यातून त्यांच्या हाती काही लागत नाही. नेमकं सांगा : अचानक मोठा आवाज झाला की तो गोठतो, आगीच्या सरावाची घंटा होणार असेल तर त्याला आधी सांगाल का? पोहण्याच्या तासाला तरणतलावाचा घुमणारा आवाज सहन होत नाही, कडेला उभा राहिला तर चालेल का? बहुतेक वेळा चालतं. ते बोलतात मात्र रोखठोक, गोडधोड न लावता. त्याचा राग मानू नका. पोहणं आधीच सुरू करा, तेही शांत वेळी. 'झेपफेर्डशेन' नावाचा पहिला बिल्ला असतो : उडी, 25 मीटर पोहणं आणि खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू काढणं. शाळेच्या तासाला हा बिल्ला आधीच झालेला असला की अर्धी भीती गेलेली असते.

भाषेचं म्हणाल तर तो कदाचित काही महिने बाहेर तोंडच उघडणार नाही. बरीच मुलं नव्या भाषेत अशी गप्प असतात, आतमध्ये साठा चाललेला असतो. घरी मराठीत भरभरून बोलत असेल तर घाबरू नका. घरीही गप्प झाला, किंवा नवी जागा रुळल्यावरही बाहेरचं मौन सुटेना, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. शाळेमार्फत शालेय मानसशास्त्रज्ञही मिळतो, पैसे पडत नाहीत आणि गोष्ट बाहेर जात नाही. घरची भाषा मराठीच ठेवा. आणि दोन गोष्टी टाळा : सरकारी कचेरीत त्याला दुभाष्या म्हणून पुढे करणं, आणि व्हिडिओ कॉलवर 'आजोबांना जर्मन बोलून दाखव' हा कार्यक्रम.

'मुलगा असून रडतो' हे वाक्य मात्र तुमच्याच घरातून येणार, जर्मनांकडून नाही. त्याचा बंदोबस्त यजमानांनी करायचा.

शाळा पहिलीत साडेअकरा ते एकच्या मध्ये कधीही सुटते. पुढे हॉर्ट (शाळकरी मुलांचं पाळणाघर) किंवा दुपारची देखरेख असते, तिथे पुन्हा गोंगाट. सकाळभर सगळ्यांशी जुळवून घेऊन थकलेलं मूल घरी आल्यावर क्षुल्लक कारणावरून भडकतं. तेव्हा 'आज काय शिकवलं' विचारू नका. खायला द्या आणि सोडून द्या. जमत असेल तर पहिल्या वर्षी तुमच्यापैकी एकाने अर्धवेळ काम करा, मला हे पैशापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एक शेवटचं. सासूबाई सोडायला येणार म्हणताय. सप्टेंबरमध्ये त्यांची गरज नाही, तेव्हा सगळंच नवं आणि ऊन असतं. कठीण जातो तो नोव्हेंबर-डिसेंबर. सकाळी अंधारात चमकणारं जॅकेट घालून शाळेत जायचं आणि साडेचारला पुन्हा अंधार. त्यांना तेव्हा बोलवा. पाहुण्यांच्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, त्यामुळे तारखा नीट आखा आणि अपॉइंटमेंटचं आताच बघायला घ्या.