आदिवासी समाजांसोबत संशोधन करायचे आहे, तयारी कशी करू?

प्रिय विद्यार्थिनी,

पर्यावरणशास्त्राची पदवी यंदा हाती येईल, त्यानंतर सहभागी संशोधनातून, म्हणजे लोकांना सोबत घेऊन केलेल्या संशोधनातून, आदिवासी समाजांच्या ‘शाश्वत भविष्याचा आराखडा तयार करून द्यायचा’ आहे, तर कोणता अभ्यासक्रम घ्यावा आणि यावर चरितार्थ चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. तुमची तळमळ मनापासून आवडली. मात्र ‘तयार करून द्यायचा’ या शब्दांपाशी मी अडखळलो. आराखडा तो समाज करतो आणि संशोधक त्याला नकाशे, मोजणी व नोंदींची जोड देतो.

हे भान सुटले की काय होते, ते अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये दिसले. हावासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून दिलेले रक्ताचे नमुने पुढे स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासातही वापरले गेले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०१० मध्ये ते संशोधन करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाला ७ लाख डॉलर देऊन उरलेले नमुने परत करावे लागले. दक्षिण आफ्रिकेतील सान समाजाने तर २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःचीच आचारसंहिता जाहीर केली, आणि आदर, प्रामाणिकपणा, न्याय व आस्था यांच्या जोडीला समाजाने ठरवलेली कार्यपद्धतीही पाळावी, असे त्यात बजावले.

मानववंशशास्त्र, भूगोल किंवा समाजकार्य, यांपैकी कशातही पदव्युत्तर शिक्षण घेतलेत तरी चालेल. मी अधिक महत्त्व देईन ते त्या समाजाची भाषा शिकण्याला. जमिनीवर रेघा ओढून, खडे मांडून गावाचा नकाशा काढला जात असताना एखादी आजी एक खडा उचलून दुसरीकडे ठेवते आणि उन्हाळ्यात पाणी कुठे टिकते ते सांगते. तिचे बोलणे दुभाष्यामार्फत आले, तर त्यातील निम्मे निसटते. शिवाय नकाशा झाला म्हणून तो छापता येतोच असे नाही, कारण पवित्र स्थळे किंवा औषधी वनस्पतींच्या जागा जाहीर करायच्या की नाहीत, हे तेच लोक ठरवतात.

चरितार्थाचे म्हणाल, तर विद्यापीठे, स्वयंसेवी संस्था आणि काही ठिकाणी समाजांच्या स्वतःच्या संस्थांमध्ये काम मिळते. परंतु सुरुवातीची कामे बहुधा प्रकल्पापुरती असतात, हे घरी आधीच सांगून ठेवा.

प्रवेश घेण्यापूर्वी संभाव्य मार्गदर्शकांना दोन प्रश्न अवश्य विचारा: विषय ठरण्याआधी त्या लोकांमध्ये राहायला किती महिने मिळतील, आणि प्रबंधाचा मसुदा त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवला जाईल का?

तुमचा,
करिअर मार्गदर्शक